येळवशीची नोंद

बसस्टँडबाहेर हरभऱ्याच्या ढाळ्याच्या जुड्या रचलेल्या दिसल्या की मला कळतं, येळवस आली. कॅलेंडर बघावं लागत नाही. मुळासकट उपटलेला हिरवा हरभरा, मुळांना अजून काळी ओली माती, आणि पाल्याला नुसता हात लावला तरी बोटांना आंब लागते. ती चाटून बघितल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. परवा ड्यूटीवर जाताना, पांढऱ्या साडीत, भर रस्त्यात मी बोट चाटलं तर भाजीवाली हसायला लागली.

"आंबट हाय का सिस्टर?"

"न्हाई, साखर पेरलीस तू," म्हणाले आणि दोन जुड्या घेतल्या.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो विचारतो, हे काय नवीन? नवीन काही नाही बाबा, आमच्या बिदर-गुलबर्ग्याकडे हा सण दिवाळीपेक्षा मोठा. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, कोपीत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावून पांडव म्हणायचं. मग आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, मेथी, चुका, शेतात जे जे हिरवं असेल ते ते एका भांड्यात घालून, चिंचेचं पाणी आणि डाळीचं पीठ लावून रटरट शिजवलेलं. जेवणाआधी घरातलं एक माणूस डोक्यावरून घोंगडं घेतं, हातात आंबिलीचं मडकं धरतं, आणि कडुलिंबाच्या डहाळीनं ती शिंपडत, मोठमोठ्यानं हाळ्या देत शेताला फेरी मारतं. हाळीचे शब्द जुन्या कानडीतले. मराठी माणूसही तेच ओरडतो, कानडी माणूसही तेच, आणि अर्थ विचारला तर दोघंही एकमेकांकडे बघतात.

परवा ढाळा घेऊन वॉर्डात पोचले तर नर्सिंग कॉलेजची एक मुलगी माझी वाट बघत बसली होती. तिच्याजवळ छापील कागद. मनोरुग्णांच्या वॉर्डात काम करणाऱ्या नर्सांचं कामात मन किती लागतं, याचा ती अभ्यास करायलीय म्हणे. प्रश्नापुढे चौकोन होते. फार, बऱ्यापैकी, थोडं, अजिबात नाही. एकात खूण करायची. मुलगी गोड होती, परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती. मी म्हणाले, "बाळा, पहिली तीन वर्षं माझं मन अजिबात लागलं नाही. आता लागतंय. पण मधे एक येळवस आहे, ती कुठल्या चौकोनात लिहू?" ती बिचारी गोंधळली. कागद ठेवून जा म्हणाले. तो कागद अजून माझ्या टेबलावर कोरा पडून आहे आणि मी हे लिहीत बसले आहे.

माझं गाव मेहकर. बुलढाण्याचं नव्हे, आमचं भालकी तालुक्यातलं. आम्हाला शेत नव्हतं. अप्पा ज्यांच्याकडे सालानं कामाला होते त्यांच्या शेतात आम्ही येळवशीला जायचो. कोपीपासून वीस-पंचवीस पावलांवर, बांधाजवळ आमची पंगत. वाढणारी बाई वरून, हात लागणार नाही असं वाढायची. भज्जी मात्र काय चवीची असायची! मला लाजही वाटायची आणि मी दोनदा मागूनही घ्यायची. समोर शेताच्या कडेनं घोंगडं पांघरलेला माणूस हाळ्या देत फिरायचा, ज्वारीच्या कणसांवरून त्याचं डोकं तेवढं दिसायचं, आणि थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघायची. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

मग अप्पांनी धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव एका फडक्यात बांधून तळ्यात सोडले आणि आईला सांगितलं, आजपासून येळवस बंद. आई बरं म्हणाली. पुढच्या येळवशीला घरात भज्जीचा वास! अप्पा भडकले. "कामून केलीस?"

आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "देव बुडीवले, बरं केलं. भज्जी काय देव हाय व्हय?"

अप्पा हात धुऊन पानावर बसले. बांधावर न बसता, आपल्या घरात, आपल्या चुलीपुढे खाल्लेली ती पहिली भज्जी. आईला तेवढंच पाहिजे होतं बहुतेक.

मी मात्र आईसारखी शहाणी नव्हते. मी शिकले, नर्स झाले, आणि बांध, पंगत, घोंगडं, हाळ्या सगळं एकाच गाठोड्यात बांधून मागे टाकलं. दर येळवशीला दवाखान्यातली निम्मी माणसं रजा टाकायची. मी मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायची. आम्हाला नसतो तो सण, असं मान वर करून सांगायची.

जिल्ह्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं होतं, बाळंतपणाचा वॉर्ड मिळेल. मिळाला मनोरुग्ण बायकांचा. बाहेर सगळे त्याला येड्यांचा वॉर्ड म्हणायचे. आईनं गावात सांगितलं, पोरगी मोठ्या दवाखान्यात हाय. कुठल्या वॉर्डात ते तिनं गिळलं. बारा खाटा, उंच खिडक्या, लोखंडी जाळीचं दार, मधे फरशीचा चौक आणि चौकात कडुलिंबाचं एक झाड. फिनेल, खोबरेल आणि शिजलेला भात यांचा मिळून एक वास होता, तो घरी आल्यावरही साडीतून जायचा नाही. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या नर्सा पेढे खाऊन खाऊन गुबगुबीत व्हायच्या. आमच्या वाट्याला शिव्या, आणि कधीमधी अंगावर थुंकी. मी बदलीचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. योग्य साहेब येईपर्यंत थांबायचं म्हणून थांबायची, तोवर कागद पिवळा पडायचा, मग नवा लिहायची. असा तीनदा लिहिला. बाकी मी वेळेवर यायची, गोळ्या वेळेवर द्यायची, नोंदी सुवाच्य लिहायची. मेट्रन म्हणायच्या, कमलचं काम चोख. चोखच होतं. मन नव्हतं त्यात, एवढंच.

गुरम्माला आमच्याकडे येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. राजेश्वरची, बसवकल्याणकडची. लिंगायत घरची, गळ्यात लिंग. नवरा वारला, पाठोपाठ लेकरू गेलं, आणि ती बोलेनाशी झाली. दिसली विहीर की धावायची. तेव्हा थोरल्या भावानं, मल्लप्पानं तिला आणून सोडलं होतं. आता ती बरी झाली होती. चादरींच्या घड्या घालायची, नवीन आलेल्या बाईचे केस विंचरून द्यायची. बोलायची थोडंच, वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवायची. आमचे डॉक्टर म्हैसूरकडचे, शांत, सज्जन माणूस. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आमच्याकडची कानडीही निम्मीच कळायची. त्यांनी ठरवलं, गुरम्माला घरी पाठवायचं. मल्लप्पाला पत्र गेलं. येळवस झाली की तिसऱ्या दिवशी न्यायला येतो, असं त्यानं कळवलं.

त्या दिवसापासून गुरम्मानं बोचकं बांधून खाटेखाली ठेवलं. दोन लुगडी आणि एक फणी. रोज सकाळी सोडायची, सगळं आहे का बघायची, परत बांधायची.

येळवशीच्या दिवशी दुपारी भात, पातळ वरण आणि ताक होतं. आया रजेवर, स्वयंपाकीण रजेवर. मी टेबलाशी बसले होते आणि चौकातून हाळी ऐकू आली. बघते तर गुरम्मा! दवाखान्याचं करडं घोंगडं डोक्यावरून घेतलेलं, हातात ताकाचा वाडगा, आणि लिंबाची डहाळी त्यात बुडवून ती झाडाभोवती ताक शिंपडायलीय. झाडाच्या बुडाशी पाच खडे. भिंतीचा चुना खरवडून त्यांना लावलेला. पोटातून, घसा फुटेल अशा हाळ्या द्यायलीय. दीड वर्षात तिचं तोंड इतकं उजळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. दोघी-तिघी बायका तिच्या मागून फिरायला लागल्या होत्या, एक तर टाळ्या वाजवायलीय.

नेमके तेव्हाच डॉक्टर राउंडला आले. जाळीच्या दारात थबकले, बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळले. "हे काय आहे, सिस्टर?"

मी ओळखलं होतं. हे मी छातीवर हात ठेवून लिहिते. पहिल्या हाळीलाच ओळखलं होतं. पण त्या शिकलेल्या माणसापुढे, सर, आमच्याकडे आज असंच करतात, असं म्हणायची मला लाज वाटली. 'आमच्याकडे' हा शब्दच जिभेवर येईना. तो म्हटला असता तर मागून सगळा बांध आला असता, वरून वाढणारा तो हात आला असता. मी खांदे उडवले.

"अचानकच सुरू झालं, सर."

त्यांनी सुई द्यायला सांगितली. मी भरली. गुरम्मानं हात पुढे केला आणि विचारलं, "सिस्टर, आज सुई कामून?" मी म्हणाले, झोप लागेल. मग टेबलाशी येऊन, माझ्या सुवाच्य इंग्रजीत, नोंद लिहिली. रुग्ण डोक्यावर घोंगडं घेऊन गोल फिरते, दगड मांडते, अन्न चारी दिशांना फेकते, निरर्थक ओरडते. एक शब्द सोडला तर सगळं खरं.

तिसऱ्या दिवशी मल्लप्पा आला. हुमनाबादला गाडी बदलून, सकाळी सकाळीच. धोतर, पटका, काखेत पिशवी. डॉक्टरांनी नोंद वाचली आणि मान हलवली. आजार परत उचल खातोय, इतक्यात नेऊ नका, काही महिने जाऊ देत, असं ते त्यांच्या पुस्तकी कानडीत सांगत होते आणि मी मधे मधे त्याला सोपं करून देत होते. तेव्हासुद्धा मला बोलता आलं असतं. मल्लप्पानं सगळं ऐकून घेतलं. "तुमी वाढलंय म्हणता, तर वाढलंच असंल," एवढंच म्हणाला. बाहेर बाकावर गुरम्मा बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला.

दार लागल्यावर ती मला म्हणाली, "अण्णा गाडी बघायला गेलाय व्हय? येतोय की आता." संध्याकाळपर्यंत ती त्या बाकावरून उठली नाही.

आणि मग माझी नोंद खरी व्हायला लागली. आधी तिनं चादरी सोडल्या, मग फणी सोडली. महिन्याभरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. भाताचा घास तोंडात घातला तर तोंडातच राहायचा. मेट्रन म्हणाल्या, बघा, घरी पाठवलं असतं तर केवढ्याला पडलं असतं! मी मान हलवली. रोज तिच्या नोंदीच्या वहीत लिहायची, जेवली नाही, बोलली नाही. रोज मागचं ते पान दिसायचं, माझंच अक्षर, सुवाच्य. मला माझ्या अक्षराची शिसारी यायला लागली.

होळीच्या सुमाराला मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. येळवस काय, घोंगडं काय, हाळी काय, सगळं. ते ऐकत राहिले.

"त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"लाज वाटली, सर."

"कशाची? तिच्या वागण्याची?"

"नाही. माझ्या गावाची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावतील म्हणून मी तयारी करून गेले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता ती खरंच आजारी आहे, सिस्टर. आधी तिला बरी करू." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी बदलीचा अर्ज फाडून टाकला, असं लिहिलं तर वाचायला फार छान लागेल. तसं काही झालं नाही. अर्ज ड्रॉवरमध्येच राहिला, पुढे कधीतरी उंदरांनी कुरतडला. फक्त मी तो चौथ्यांदा लिहिला नाही, कारण मला वेळच मिळेना. सकाळी गुरम्माशेजारी जाऊन बसायची. बोल म्हणायची नाही, जेव म्हणायची नाही. माझा डबा उघडून मी जेवायची. उन्हाळा असाच गेला. लिंबाचा मोहोर चौकात पडून पडून फरशी पांढरी व्हायची, दोघी बघत बसायचो. श्रावणात तिनं पेज घेतली. दसऱ्याला एक चादर ओढून घेतली आणि तिची घडी घातली, चारी कोपरे जुळवून. मी तिथंच रडले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं ओ?"

त्या वर्षात मी इतर बायकांनाही पहिल्यांदा बघितलं. एक बाई डॉक्टर आले की तोंड झाकून भिंतीकडे वळायची. नोंदीत होतं, संशयी आहे, घाबरते. मी सहज विचारलं, तर म्हणाली, "थोरल्या दिरावानी दिसायलाय मेला. त्याच्यापुढं उघड्या तोंडानं कशी बसू?" मी नोंद खोडली आणि हे लिहिलं. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. तेव्हापासून ते माझ्याकडे बघून विचारायचे, "सिस्टर, हे आजारातलं की गावातलं?" कधी कधी मलाही सांगता यायचं नाही. मग विचारायचं. विचारत बसायला वेळ लागतो, पाय दुखतात, ड्यूटी संपलेली कळत नाही. मन लागणं म्हणतात ते हेच असेल तर माझं तेव्हा लागलं.

पण गुरम्मा बरी होऊन उपयोग काय? न्यायला कुणी आलं पाहिजे. मल्लप्पाला मी दोन कार्डं टाकली होती, एक मराठीत, एक कानडीत. उत्तर नाही. मग येळवस आली आणि नोकरीत पहिल्यांदाच मी त्या दिवशी रजा टाकली. आया म्हणाली, "सिस्टर, तुमचं शेत हाय?" मी म्हणाले, "आज हाय."

हुमनाबादच्या स्टँडवर लॉऱ्यांचा धूर, ढाब्यांवरच्या मोठमोठ्या कढया, आणि डोक्यावर टोपल्या घेऊन शेताकडे चाललेल्या बायका. राजेश्वरला उतरले तर गाव ओस. एक म्हातारा ओट्यावर उन्हाला बसला होता. त्यानं मल्लप्पाचं शेत हातानं दाखवलं. ज्वारीतून चालत गेले, पातळाला दव लागलं, हरभऱ्याची आंब पायांना झोंबली. चारी बाजूंनी हाळ्या यायच्या. लहानपणी इतक्या जवळून त्या कधी ऐकल्या नव्हत्या.

कोपीत मल्लप्पा आणि त्याची बायको जेवायला बसत होते. पांढरी साडी नसल्यानं त्यानं मला ओळखलं नाही, पण येळवशीला वाटेनं जाणाऱ्यालाही कुणी सोडत नाही. "या, या, जेवाया या," म्हणाला. त्याच्या बायकोनं विचारलं, कुठल्या, कुणाच्या. मी म्हणाले, मेहकरची, आम्ही बौद्ध. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं पळसाचं पान मांडून भज्जी वाढली. जवळ येऊन, वाकून वाढली. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. मी कोपीच्या आत बसले होते, एवढं मात्र मला सारखं जाणवत होतं.

"मी दवाखान्यातली," म्हणाले. "गुरम्माच्या वॉर्डातली."

मल्लप्पाचा घास हातात राहिला. "गेली?"

"न्हाई, न्हाई! बरी हाय. चांगली हाय."

मग मी सांगितलं. त्या दिवशी ती काय करत होती, आणि मी काय लिहिलं. तो ऐकताना शेताकडे बघत होता. माझं सांगून झाल्यावर म्हणाला, "आमच्या शेताची फेरी तीच मारायची. माझा आवाज बसका. हिकडं हाळी दिली की पार वड्याच्या पल्याड ऐकू जायची तिची." मग त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या मेहकरला येळवस न्हाई?"

"हाय," मी म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, मेट्रनला कळलं, पण ह्या माणसाच्या त्या साध्या प्रश्नाइतकं मला कुणी उघडं पाडलं नव्हतं. मी खाली बघून म्हणाले, "चूक माझी हाय, अण्णा. तिची न्हाई. तुमी चला न्यायला."

"कार्डं आली तुमची. वाचून घेतली," तो म्हणाला. "पर न्याया आलो, आन परत न्हाई म्हणलं तर? दोन डाव सोडून यायचं मला हुईना."

त्याच्या बायकोनं पितळी डबा पुढे ओढला, त्यात भज्जी भरली, वर दोन उंडे ठेवले. "हे तिला द्या. खाती का बघा. खाल्लं तर सांगा, ह्यांना धाडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा गुरम्मापुढे उघडला. ती वास घेत राहिली. एक घास घेतला, चावला, गिळला. माझा जीव टांगणीला. तिनं दुसरा घास घेतला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

मी डब्यात वाकून बघितलं.

"वयनीनं केलीय," ती म्हणाली. "तिचा हात मिठाला भेतोय. किती डाव सांगितलं, भज्जीला सढळ हातानं घालावं." आणि डबा पुसून पुसून खायला लागली.

मी तिच्या डब्यातली चिमूटभर घेऊन चाखली. टेबलाशी गेले आणि नोंद लिहिली, तीच वही, तेच अक्षर. रुग्णाने भज्जीत मीठ कमी असल्याची तक्रार केली. ही भज्जी तिच्या वहिनीने केल्याचे चवीवरून ओळखले, ते खरे आहे. मी स्वतः चाखून पाहिले, मीठ कमी आहे. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. चौकात गेले, गुरम्मापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी हात पुढे केला. तिनं त्यांच्या तळहातावर उरलीसुरली भज्जी ठेवली. त्यांनी खाल्ली. "कमीच आहे," म्हणाले, आणि उठून सही केली.

आठवड्याच्या आत मल्लप्पा आला. गुरम्मानं बोचकं त्याच्या हातात दिलं नाही, स्वतःच काखेत घेतलं. जाळीच्या दारातून बाहेर पडताना तिनं मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं आणि लई बरंही वाटलं.

ती परत कधी इकडे आली नाही. येऊही नये. पण दर येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मल्लप्पा डबा घेऊन येतो, इतकी वर्षं झाली, एकदाही चुकला नाही. भज्जी तिच्या हातची, मीठ सढळ, हाळी अजून वड्यापल्याड जाते म्हणे. डॉक्टर बदलून गेले, जाळीचं दार काढलं, वॉर्डाला हिरवा रंग दिला. लिंबाचं झाड आहे. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली.

आज सकाळी तो आला. आता पाठीत वाकलाय, स्टँडवरून चालत येऊन दमला होता. टेबलावर डबा ठेवला, त्या मुलीच्या कोऱ्या कागदावरच. मग खिशातून वर्तमानपत्रात बांधलेली एक लहानशी पुडी काढून डब्याशेजारी ठेवली.

"हे काय, अण्णा?"

"गुरम्मा पडलीय गोठ्यात. मनगट मोडलंय. तसं बरं हाय, पर औंदा भज्जी तिच्या वयनीच्या हातची." तो हसायला लागला. "तर ती म्हणली, आदी सिस्टरला ही पुडी दे. मीठ हाय."

मी हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. पुडी सोडायला गेले आणि थांबले. चाखल्याशिवाय काही लिहायचं नाही, काही मानायचं नाही, ही सवय आता जायची नाही. मी आधी डबा उघडला आणि एक घास घेतला.

कमीच होतं.